नवीन स्किमर लावल्यापासून टाकीत बारीक बुडबुडे, कपही भरून वाहतो

पाण्यातला_फोंडेकर | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, जरा अडलोय. सगळं एकदाच नीट लिहितो, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

टाकी खाऱ्या पाण्याची, चार फुटी, दीड वर्ष झालं. संप (खालच्या कपाटातली गाळणीची छोटी टाकी) धरून पाणी साधारण ३०० लिटर. आत लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेले समुद्री दगड), दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल आणि एक क्लीनर कोळंबी. प्रवाळ नाही. जुन्या स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र) पंप जळला म्हणून सोळा दिवसांपूर्वी नवीन, नीडल व्हीलवाला (काटेरी चक्राने हवा बारीक करणारा) स्किमर घेतला. त्याच दिवशी संप बाहेर काढून धुतला, तळाचा गाळ उपसला आणि सगळं पुन्हा जोडलं.

तेव्हापासून दोन त्रास चालू आहेत. एक, टाकीत बारीक बुडबुडे. पाण्यात रवा उधळावा तसं दिसतं, काचेवर आणि दगडांवर चिकटून बसतात. दोन, स्किमरचा कप सकाळपर्यंत पातळ चहासारख्या पाण्याने भरतो. दोनदा तर कप भरून खाली कपाटात पाणी सांडलं.

केलेले उपाय: स्किमरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून, अर्धा मिटून, सगळं करून झालं. खाली एक फरशीचा तुकडा ठेवून स्किमर उचलला. आउटलेटला स्पंज बांधला. स्किमर व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर चालवून धुतला. फरक शून्य.

रिटर्न पंप (संपातलं पाणी परत टाकीत चढवणारा) बाहेरचा आहे, संपाच्या शेजारी कपाटात. काचेला भोक पाडलं नव्हतं म्हणून पाइप संपाच्या काठावरून वर घेऊन पंपाला जोडलाय, तळाशी फूट व्हॉल्व्ह (पाणी परत खाली उतरू न देणारी झडप). ताशी १५०० लिटरच्या आसपास पाणी चढतं. हल्ली वीज गेली की पंप पुन्हा चालू करताना हाताने पाणी भरावं लागतं, तोही एक ताप.

चवथीला पंधरा दिवस राहिलेत. टाकी वसरीत, गणपतीच्या मखराच्या समोरच. मुंबईहून काकांची मुलं येणार आहेत, त्यांना पहिल्यांदाच ही टाकी बघायला मिळणार. त्याआधी पाणी निवळावं एवढीच इच्छा आहे.

डिचोली_७८ | रविवार, रात्री ११.०५

नवीन स्किमर आहे ना, मग हे होणारच. प्लास्टिकवर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो जाऊन आतून जैविक थर धरेपर्यंत बुडबुडे नीट वागत नाहीत. माझ्याकडे दहा दिवस गेले होते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा आणि हात लावू नका.

शिंपली | सोमवार, सकाळी ७.२०

डिचोलीकरांचं बरोबर आहे, पण सोळा दिवस आणि वर व्हिनेगरची धुलाई, म्हणजे रुळण्याचा काळ संपत आला असणार. मला काही गोष्टी विचारायच्या आहेत.

स्किमर संपाच्या कुठल्या कप्प्यात आहे? पाण्याची पातळी तिथे किती, आणि ती दिवसभर तेवढीच राहते का? या सोळा दिवसांत पाण्यात काही घातलं का, औषध, विटॅमिन, क्लोरीन घालवायचं द्रव? आणि स्किमर बंद केला तर टाकीतले बुडबुडे थांबतात का?

शिवाय एक काळजीची गोष्ट. कप दोनदा कपाटात सांडला म्हणता. एक्स्टेन्शन बोर्ड त्याच कपाटात खाली पडलेला नाही ना? मडगावला आमच्याकडे असंच मिठाचं पाणी झिरपून सॉकेटवर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ साचलं होतं आणि पाण्यात हात घातला की मुंग्या यायच्या. बोर्ड भिंतीवर उंच ठोका, प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटपर्यंत जाणार नाही, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का बघून घ्या. हे आज करा, बुडबुडे उद्या.

मास्तर_पेडणे | सोमवार, सकाळी ९.१५

फोंडेकर, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. तुम्ही दोन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव देताय, आणि दोन्हीचा दोष नव्या स्किमरवर टाकताय. टाकीतले बुडबुडे वेगळे आणि कप वाहणं वेगळं. एकाचा व्हॉल्व्ह फिरवून दुसरं बरं होत नाही. सोळा दिवस तुम्ही ज्या बुडबुड्यांच्या मागे आहात ते जन्मतात कुठे, हे अजून पाहिलेलं नाही.

मला खटकली ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेली ओळ. वीज गेल्यावर पंपाला पाणी भरावं लागतं. ‘हल्ली’ म्हणजे कधीपासून?

घरची विहीर असलेल्या कोणालाही विचारा. सक्शनच्या पाइपला कुठेतरी हवा लागली की पंप पाणी सोडतो. बाहेर एक थेंब गळत नाही, कारण चालू असताना तिथे ओढ असते. पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. तुमचा पाइप संपाच्या काठावरून वर जातो, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या वर त्याचा जो भाग आहे तिथला प्रत्येक जोड संशयित.

आज रात्री एक करा. स्किमर बंद. बाकी सगळं चालू. तासभर थांबा, दिवे मालवा, आणि टाकीत जिथून पाणी येतं त्या तोंडावर बाजूने टॉर्च धरा. बुडबुडे सतत धुक्यासारखे येतात की थांबून थांबून, ते मोजून लिहा. स्किमर बंद असताना टाकीतला पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) पृष्ठभागाकडे वळवून ठेवा, स्किमर पाण्यात प्राणवायूही मिसळत असतो.

डिचोली_७८ | सोमवार, सकाळी ९.४०

मास्तर म्हणतात ते पटलं. माझ्या प्रतिसादात मी कपाचं आणि टाकीचं एकत्रच केलं होतं.

रापण | सोमवार, दुपारी १.३०

पाणी कुठलं वापरता? समुद्राचं की मिठाचं? आम्ही दोघं-तिघं होडीवाल्याकडून कॅन भरून आणतो, पण ते एप्रिल-मे मध्येच. तेव्हा मांडवीच्या मुखाशीही खारेपणा ३५च्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) जवळ असतो. पाऊस लागला की नदीचं गोडं पाणी समुद्रावर पसरतं, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असल्याने ट्रॉलर बाहेर जात नाहीत, मग काठावरचं गढूळ पाणीच हाती लागतं. आमच्यातल्या एकाने जुलैत बेतीच्या काठावरून पाणी आणून भरलं, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) लावला तर अर्ध्याहून खाली. मे महिन्यात आणून काळ्या ड्रममध्ये झाकून ठेवलेलं पाणी मात्र पावसाळाभर पुरतं.

पाण्यातला_फोंडेकर | सोमवार, रात्री ८.५०

सगळ्यांना उत्तरं देतो.

शिंपलीताई, बोर्ड खालीच होता. आज कपाटाच्या मागच्या भिंतीवर ठोकला. सॉकेटवर खरोखरच मीठ होतं. आरसीसीबी मेन बोर्डावर आहे, ३० लिहिलंय. देव बरें करूं.

स्किमर रिटर्नच्याच कप्प्यात आहे, कारण नवीन स्किमर जाड, पहिल्या कप्प्यात मावेना. कप्पा ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर. पाण्याची पातळी सकाळी कमी, मी रात्री पाणी ओतल्यावर जास्त. टाकीवर पंखा लावलाय म्हणून दिवसाला तीन-चार लिटर कमी होतं.

पाण्यात घातलेलं: दर रविवारी ३० लिटर पाणी बदलतो. मिठाचं, ओपाच्या (फोंड्याजवळच्या जलप्रकल्पाच्या) नळाचं पाणी. पूर्वी क्लोरीनसाठी साधे थायोसल्फेटचे खडे घालायचो, ते संपले म्हणून दुकानदाराने एक निळं द्रव दिलं, ‘माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर सांभाळतं’ असं बाटलीवर लिहिलंय. वाटलं बरंच आहे, म्हणून दुप्पट घातलं.

खारेपणा (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) आज १.०२३ आला, एरवी मी १.०२५ ठेवतो. का उतरला कळत नाही.

मास्तर, पंपाला पाणी भरायला लागलं ते नेमकं संप धुतल्यानंतर. आधी कधीच नाही. हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं.

मिरामारचा_वारा | सोमवार, रात्री १०.१५

खारेपणा का उतरला ते सोपं आहे. कपात रोज लिटरभर पातळ पाणी जातंय, ते खारं. त्याच्या जागी तुम्ही गोडं पाणी ओतताय. १६ दिवसांत १६ लिटर म्हणजे ३०० लिटरच्या पाच टक्क्यांहून थोडं जास्त मीठ टाकीतून गेलं. मग १.०२५ खाली येणारच. कप आटोक्यात आला की पुढच्या दोन-तीन पाणीबदलांत हळूहळू वर आणा, एका दिवसात नको.

आता फेसाबद्दल थोडं, कारण हे कळलं की व्हॉल्व्ह फिरवताना आपण काय करतोय ते समजतं. पावसाळ्यात मिरामारला किंवा कळंगुटला वाळूवर पिवळट फेस आलेला सगळ्यांनी पाहिलाय. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्यापासून पळतं. हवेचा बुडबुडा मिळाला की ते त्याच्या कडेला जाऊन बसतात. लाटा हवा घुसळतात, रेणू बुडबुड्यांना चिकटतात, फेस तयार होतो. स्किमर नेमकं हेच एका नळकांड्यात करतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात, खाऱ्या पाण्यात ते बारीक आणि वेगळे राहतात, म्हणून हे यंत्र समुद्राच्या पाण्यातच कामाचं.

आउटलेट जितका मिटवाल तितकं पाणी आत चढतं आणि फेस पातळ, ओला होऊन कपात जातो. उघडाल तितका फेस कोरडा, काळा, घट्ट. पाणी आणि फेस यांची सीमा स्किमरची मान (कपाखालचा अरुंद भाग) सुरू होते तिथे असावी.

फोंडेकर, तुम्ही घातलेल्या निळ्या द्रवाचा बुडबुड्याच्या कडेशी थेट संबंध आहे. असल्या द्रवांत कोरफडीचा रस किंवा तसले चिकट बहुवारिक (पॉलिमर) घटक असतात. ते पाण्याचा पृष्ठताण बदलतात आणि स्किमर दोन-दोन दिवस दूध उतू जावं तसा उततो. दुप्पट घातल्यावर तर नक्कीच. भांड्याच्या साबणाचा हात, एपॉक्सीची पुट्टी, टाकीतल्या लाल शेवाळी थराची औषधं, यांनीही तेच होतं. उलट माशांना तेलकट खाणं घातलं की फेस एकदम बसतो.

आणि एक हिशेब, बॅफलने (संपातल्या कप्प्यांमधल्या काचेच्या भिंतींनी) बुडबुडे अडतील असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर चढतो. ताशी १५०० लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४१७ घन सेंटिमीटर. ते ४ सेंटिमीटर फटीच्या आणि ३० सेंटिमीटर रुंदीच्या बॅफलमधून खाली जाताना सेकंदाला साडेतीन सेंटिमीटरच्या वेगाने जातं. बारीक बुडबुडा त्या ओढीला कसा पुरणार? तो पाण्याबरोबर खाली जाऊन पलीकडे निघतो. म्हणून बॅफल मोठे बुडबुडे अडवतो, अगदी बारीक नाही. त्यांना वेळ आणि रुंद जागा लागते.

मी_वास्कोचा | सोमवार, रात्री १०.५०

थोडं अवांतर, माफ करा. मी नवीन आहे. ग्रांद बेटाजवळ डायव्हिंगला जातो, तिथे प्रवाळ दिसतं. एखादा छोटा तुकडा आणून अशा टाकीत जगेल का?

मास्तर_पेडणे | मंगळवार, सकाळी ६.४०

वास्कोचे, विचारलंत हे चांगलं केलंत. नका आणू. भारतात दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रघोडे हे सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघासारखेच संरक्षित आहेत. तुटलेला, मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. ग्रांद बेटावर आपल्याकडे मुळात थोडंच प्रवाळ आहे आणि दर पावसाळ्यात नद्यांचा गाळ सोसून ते जगतं. मी बारा वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो, एकदाही समुद्रातून जिवंत दगड काढला नाही. तुम्ही मासे आणि कोळंबीपासून सुरुवात करा, वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येऊ.

फोंडेकर, रात्री टॉर्च लावला का?

पाण्यातला_फोंडेकर | मंगळवार, रात्री ११.३०

लावला. आत्ताच तिथून उठून लिहितोय.

साडेनऊला स्किमर बंद केला. साडेदहाला वसरीतले दिवे मालवले, बायको आणि मुलगी दोघी शेजारी बसल्या. टॉर्च काचेला टेकवून तोंडावर धरला. पहिले पाच-सहा सेकंद पाणी अगदी काचेसारखं. मग तोंडातून ‘फुस्’ करून बुडबुड्यांचा एक झोत, जणू कोणी आतून फुंकर मारली. पुन्हा स्वच्छ. पुन्हा झोत. मुलीने मोबाइलवर वेळ लावली: सात सेकंद, आठ, सात, सात, नऊ. स्किमर बंद होऊन तास झाला होता. म्हणजे टाकीतले बुडबुडे स्किमरचे नव्हतेच.

मग खाली कपाटात पंपाला कान लावला. प्रत्येक झोताआधी पंपाचा आवाज किंचित बदलतो, भरड होतो, आणि मग बुडबुडे वर जातात.

सोळा दिवस मी त्या स्किमरचा व्हॉल्व्ह फिरवत होतो.

तिसरी_भरती | मंगळवार, रात्री ११.४५

हाच तो. पंपाच्या पोटात हवा साठते आणि एका ठरावीक प्रमाणाला ओकली जाते. आता जोड शोधायचा. पेटती उदबत्ती प्रत्येक जोडाजवळ धरा, जिथे धूर वाकून आत ओढला जाईल तो जोड गळका.

मास्तर_पेडणे | बुधवार, सकाळी ६.३०

भरती, युक्ती खरी आहे, पण धूर जिथे आत जाणार ते पाणी माशांचं आहे. थोडक्यासाठी कशाला? त्यापेक्षा जुनं सुती धोतर किंवा फडकं पाण्यात भिजवून एकेका जोडाला घट्ट गुंडाळा आणि पाच मिनिटं झोत मोजा. ज्या जोडावर ओलं फडकं बसल्यावर झोत थांबतील किंवा लांबतील, तो जोड. हवेऐवजी पाणी ओढलं जातं, बस.

सुरुवात युनियनपासून (पाइपचा पिळून उघडता येणारा जोड) करा. संप धुताना उघडला होतात ना?

शिंपली | बुधवार, सकाळी ८.००

आणि युनियन उघडला तर ओ-रिंगला (आतल्या गोल रबरी कड्याला) व्हॅसलिन लावू नका, घरात हाताशी असतं म्हणून सगळे तेच लावतात. अशा युनियनमधलं रबर बऱ्याचदा ईपीडीएम नावाच्या जातीचं असतं, पेट्रोलियम जेलीने ते फुगतं आणि ढिलं पडतं. सिलिकॉन ग्रीस घ्या, आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे छोटी डबी मिळते. पान्याने करकचून पिळू नका, हाताने घट्ट बसला की पुरे. जास्त पिळलं तर कॉलरला चीर जाते.

पाण्यातला_फोंडेकर | बुधवार, रात्री ९.५५

युनियनच निघाला.

फूट व्हॉल्व्हचा जोड पाण्याखालीच आहे, तो सोडला. एल्बोला (पाइपच्या काटकोनी वळणाला) फडकं गुंडाळलं, झोत तसेच सात-आठ सेकंदांनी. मग काठावरच्या युनियनला गुंडाळलं. पहिला झोत आला, दुसऱ्याला वीस सेकंद लागले, त्यानंतर पाच मिनिटं एकही नाही. मुलगी टाकीशी बसून ओरडत होती, ‘बाबा, नाही आला, अजून नाही आला.’

पंप बंद करून युनियन उघडला. ओ-रिंगच्या खाचेत दोन वाळूचे कण आणि मिठाचा एक खडा, आणि त्या जागी रबरावर नखाने ओढल्यासारखी खूण. संप धुतला त्या दिवशी मी युनियन उघडून तसाच जमिनीवर ठेवला होता, आणि जोडताना पुसलाही नाही. स्किमर त्याच दिवशी आला म्हणून सगळा संशय त्याच्यावर गेला.

उद्या ओ-रिंग आणतो. तोवर फडकं गुंडाळून ठेवलंय, दर दोन तासांनी भिजवतोय.

मिरामारचा_वारा | बुधवार, रात्री १०.३०

छान झालं, वेळेत सापडलं. असा सक्शनचा गळका जोड महिनोन्महिने तसाच ठेवू नये. पंपाच्या दाबाखाली हवा पाण्यात प्रमाणापेक्षा जास्त विरघळते. मोठ्या दाबाच्या यंत्रणेत यातून माशांच्या डोळ्यांत, परांत हवेचे फोड येतात. तुमच्या छोट्या पंपाला तेवढा दाब नाही, पण सवयीने बघत राहा. स्किमरमधून सुटलेल्या बुडबुड्यांनी सहसा माशांचं काही बिघडत नाही, ते दिसायला वाईट आणि झाकणावर मीठ साचवतात एवढंच.

मास्तर_पेडणे | गुरुवार, सकाळी ७.१०

आता दुसरं दुखणं, कप.

तुमचा कप्पा ३० बाय ३०, म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर. एक लिटर पाणी म्हणजे त्यात एक सेंटिमीटरहून थोडी जास्त पातळी. वाफ होऊन गेलेल्या पाण्याची सगळी घट रिटर्नच्या कप्प्यातच दिसते. म्हणजे दिवसभरात चार सेंटिमीटर खाली, आणि रात्री तुम्ही चार लिटर ओतले की चार सेंटिमीटर वर. बाहेरची पातळी वाढली की स्किमरमधलंही पाणी मानेत चढतं. सकाळी तुम्ही जो व्हॉल्व्ह बरोबर लावता, तो रात्री चूक ठरतो. म्हणून कप रात्रीच भरतो. यात स्किमरचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही, जागा चुकली आहे.

जागा बदलता येत असेल तर पहिल्या कप्प्यात न्या, तिथे बॅफल पातळी राखतो. नसेल तर पाणी एकदम ओतू नका, फ्लोटवर थेंब थेंब पडेल असं करा. स्किमरसोबत आलेल्या कागदावर किती सेंटिमीटर पाण्यात ठेवायचा ते छापलेलं असतं, बहुतेकांना १५ ते २५ च्या मध्ये कुठेतरी हवं असतं. फरशीचा तुकडा ठेवायचा तो ते मोजून.

वीज जाते तेव्हाही हेच. पंप थांबतो, वरच्या टाकीतलं पाणी संपात उतरतं, वीज आली की स्किमर त्या भरलेल्या संपात चालू होतो आणि उततो. स्किमरला रिटर्न पंपानंतर पाच मिनिटांनी चालू करणारा टायमर लावा.

तिसरी_भरती | गुरुवार, सकाळी ९.००

पावसात आमच्याकडे सत्तरीत दिवसातून चारदा वीज जाते. टायमर लावल्यापासून माझा कप एकदाही सांडला नाही. अनुमोदन.

शिंपली | गुरुवार, दुपारी २.४५

चवथीचं म्हणालात म्हणून एक आठवण. स्किमर हवा ओढतो ती टाकी असलेल्या खोलीतलीच. वसरीत धूप, कापूर, उदबत्ती, आणि आधीच्या आठवड्यात रंगकाम, फिनेलने फरशी, डासांची फवारणी, ते सगळं त्या छोट्या नळीतून पाण्यात जातं. आम्ही एकदा गौरीच्या आदल्या दिवशी दरवाज्यांना पॉलिश केलं आणि दुसऱ्या दिवशी स्किमर गपगार, फेस नाही, कोळंबी कोपऱ्यात. तेव्हापासून नळी खिडकीच्या जाळीतून बाहेर काढलीय, तोंडाला बारीक जाळी, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तोंड खाली वळवलेलं. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की घरातला कार्बन डायऑक्साइड वाढून पाण्याचा पीएच उतरतो, त्यालाही बाहेरच्या हवेने थोडा आराम पडतो.

नळीत मिठाचे खडे साचतात तेही बघत जा. महिन्यातून एकदा नळीचं तोंड कोमट गोड्या पाण्याच्या ग्लासात दोन घोट बुडवायचं, स्किमर ओढून घेतो आणि खडे विरघळतात.

डिचोली_७८ | गुरुवार, रात्री ९.२०

निळ्या द्रवाचं काय करायचं मग? माझ्याकडेही तीच बाटली आहे.

मिरामारचा_वारा | गुरुवार, रात्री १०.००

खाऱ्या टाकीसाठी नको. साधं थायोसल्फेट, पाण्याच्या मापाने, किंवा आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी. फोंडेकरांनी आता कापडी पिशवीत ॲक्टिव्हेटेड कार्बन (घाण शोषणारा कोळसा) भरून संपात टांगावा, दोन-तीन दिवसांत आधीचं उरलंसुरलं ओढून घेतो. तोवर स्किमरचा कप काढून ठेवला आणि फक्त अंग चालू ठेवलं तरी चालेल, हवा मिळत राहते.

पाण्यातला_फोंडेकर | पुढचा बुधवार, रात्री १०.२०

सहा दिवस लिहिलं नाही, आधी सगळं करून बघायचं होतं.

ओ-रिंग बदलली, सिलिकॉन ग्रीस लावलं, खाच जुन्या टूथब्रशने साफ केली. त्या रात्रीपासून एकही झोत नाही. परवा चाळीस मिनिटं वीज गेली, आल्यावर पंपाने आपोआप पाणी उचललं, हात लावावा लागला नाही.

पहिल्या कप्प्यातली मधली काच सुतारकामाच्या ओळखीच्या माणसाकडून कापून चार सेंटिमीटर सरकवली, नवीन सिलिकॉनने चिकटवली आणि दोन दिवस सुकू दिली. या दोन दिवसांत मासे मोठ्या टबात, पॉवरहेड आणि हीटरसह. आता स्किमर तिथे बसतो. पाण्याची पातळी १९ सेंटिमीटर, कागदावर १८ ते २२ लिहिलंय. काच नवी चिकटवल्यावर पहिला दिवस पुन्हा फेस उतला, पण मिरामारनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही, कप काढून ठेवला. कार्बन टांगलाय.

आज सकाळी कपात बोटभर, कॉफीसारखं काळं, घट्ट आणि वास मारणारं पाणी. इतकं घाण पाणी पाहून इतका आनंद कधी झाला नव्हता. मानेवरचा तपकिरी थर कागदाने पुसला.

रात्री दिवे मालवून पुन्हा टॉर्च लावला. लाइव्ह रॉकच्या मागे पार शेवटच्या काचेपर्यंत दिसत होतं. कोळंबी दगडावरून खाली उतरून क्लाउनफिशचा कल्ला साफ करत होती, तिच्या मिशा एकेक मोजता येत होत्या.

खारेपणा १.०२४ झालाय, पुढच्या रविवारी १.०२५ करतो. एअर पाइप खिडकीतून बाहेर काढायचं उद्या, रंगारी शनिवारी येणार आहे. मास्तर, टायमर कुठला घेतलात आणि किती मिनिटांचा, तेवढं सांगा.

मास्तर_पेडणे | गुरुवार, सकाळी ६.२५

साधा, पंप चालू व्हायला उशीर लावणारा, फ्रीजला लावतात तोच. पाच मिनिटांवर ठेवा. फ्रीजच्या दुकानात मिळेल, आणि घेताना तुमच्या स्किमरच्या पंपाचे वॅट सांगून घ्या.

आणि ती जुनी ओ-रिंग टाकून देऊ नका. दुकानात माप दाखवायला लागते, एकदम दोन आणून एक कपाटात ठेवा.